गव्हावरील करपा : कवकाचा आहार आणि बीजाणूंची उपज

गव्हाच्या रोगांना मराठीत जी नावे आहेत, ती बहुतेक डोळ्यांनी दिलेली आहेत. पानावर तांब्याच्या रंगाची भुकटी दिसली की तो तांबेरा; ओंबीत दाण्याच्या जागी काजळी भरली की ती काणी; पानावर पिठासारखा थर चढला की ती भुरी. ह्या तीनही नावांत काहीतरी बाहेरून आले आणि पिकावर बसले, ही जाणीव आहे. चौथे नाव मात्र निराळ्या जातीचे आहे. 'करपा' हा शब्द 'करपणे' ह्या अकर्मक क्रियापदावरून आला. भाकरी करपते, उन्हाने रोप करपते, थंडीच्या कडाक्याने पान करपते; ह्या सर्व प्रयोगांत करपविणारा कोण हे सांगण्याची भाषेला गरज वाटत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बागायती गव्हाची खालची पाने जानेवारीच्या उत्तरार्धात तपकिरी पडू लागली म्हणजे 'गहू करपला' असे म्हटले जाते, आणि त्याचा दोष हवेकडे, पाण्याकडे किंवा खताकडे जातो. वस्तुतः ह्या क्रियेला कर्ता आहे. तो कर्ता एक कवक असून तो पान जाळीत नाही, खातो. तो कसा खातो, आणि खाणे सोडून पुनरुत्पादनाकडे केव्हा वळतो, हा वनस्पतिरोगशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे त्यावर अवलंबून असते.

हा प्रश्न ह्या दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा मुलूख. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे. अशा कोरड्या हवेत पानावर पाणी टिकून राहणे अवघड, आणि पान ओले राहिल्यावाचून ह्या कवकाचा आत शिरकाव होत नाही. परंतु १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला, १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले, आणि १९८० च्या सुमारास उजनीच्या जलाशयाचा फुगवटा इंदापूरच्या सीमेला येऊन भिडला. विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी आखलेल्या ब्लॉक पद्धतीत भिजणाऱ्या जमिनीचा एक हिस्सा उसाला आणि उरलेला हंगामी पिकांना अशी वाटणी होती. त्या वाटणीत बागायती गव्हाला जागा झाली. बारामतीच्या उत्तरेस सुप्याकडील भाग बराचसा जिराईत, दक्षिणेस नीरेकाठचा पट्टा उसाचा. इंदापूर तालुका नीरा आणि भीमा ह्यांच्या बेचक्यात, नरसिंगपूरच्या संगमापर्यंत पसरलेला. म्हणजे एकाच हवामानात कोरडा गहू आणि ओला गहू, दोन्ही जवळजवळ पाहावयास मिळतात. रोग हवेने येतो की पाण्याने, ह्या जुन्या वादाला इतकी सोयीची जागा सहसा सापडत नाही.

करप्याच्या ठिपक्यांत प्रामुख्याने दोन कवके आढळतात. एक बायपोलॅरिस सोरोकिनियाना. ह्याच वंशातील दुसऱ्या एका जातीने भातावर पाडलेल्या तपकिरी ठिपक्यांचा रोग १९४२ साली बंगालमध्ये पसरला आणि १९४३ च्या दुष्काळाच्या कारणांत त्याची गणना होते. दुसरे अल्टरनेरिया ट्रिटिसिना. ह्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद प्रसाद व प्रभू ह्या भारतीय संशोधकांनी १९६२ साली केली. जातिनाम गव्हाच्या ट्रिटिकम ह्या लॅटिन नावावरून घेतलेले आहे. पुढील विवेचन मुख्यतः ह्या दुसऱ्या कवकाविषयी आहे. त्याचा ठिपका प्रथम खालच्या पानावर, लहान, लंबगोल व फिकट असा उमटतो. तो वाढत जाऊन गडद तपकिरी होतो, कडेला पिवळी किनार धरतो, शेजारच्या ठिपक्यांत मिसळतो, आणि दमट हवेत त्याच्यावर काळसर भुकटी येते. ही भुकटी म्हणजे बीजाणू. कोवळ्या रोपावर हा रोग सहसा बसत नाही. पीक सात-आठ आठवड्यांचे झाले म्हणजे खालून वर चढू लागतो. ही गोष्ट साधी दिसते, परंतु पुढील सर्व विवेचनाची किल्ली तीच आहे.

तांबेऱ्याशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. आग्र्याचे करमचंद मेहता ह्यांनी आपले आयुष्य भारतातील तांबेऱ्याच्या अभ्यासात घालविले आणि मैदानातील उन्हाळ्यात नष्ट होणारे त्याचे बीजाणू डोंगराळ प्रदेशातून दरवर्षी पुन्हा खाली येतात, हे दाखवून दिले. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याचे कवक जिवंत पेशीतच जगते. ते यजमानाला मारीत नाही, त्याच्या घरात राहून जेवते. अल्टरनेरियाची रीत उलटी. ते आधी पेशी मारते आणि मग तिचे अवशेष पचविते. एक आश्रित आणि दुसरा दरोडेखोर असे म्हटल्यास शास्त्रीय काटेकोरपणा थोडा सुटेल, परंतु अर्थ सुटणार नाही. दरोडेखोराला भिंत फोडण्याची हत्यारे लागतात. ती हत्यारे म्हणजे एन्झाइमे.

ह्या शब्दापाशी क्षणभर थांबणे योग्य होईल. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात तो घडविला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'आंबवणात असलेले' असा होतो. मराठीत त्याला 'वितंचक' म्हणून पाहिले, त्याच्या मुळाशी संस्कृतातील आतंचन म्हणजे विरजण ही कल्पना आहे. पुढे पाठ्यपुस्तकांत 'विकर' रूढ झाला. दोन दूरच्या भाषांनी एकाच स्वयंपाकघरातून दृष्टांत उचलला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दृष्टांत अपुरा मात्र आहे. विरजणात जिवंत जंतू असतात. एन्झाइम स्वतः जिवंत नसते. बुखनर ह्यांनी १८९७ साली यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखविले, तेव्हा हा भेद पक्का झाला. एन्झाइम हे प्रथिन असते. ते एका ठराविक रासायनिक बदलाला वेग देते आणि स्वतः खर्ची पडत नाही.

वनस्पतिरोगात ह्या द्रव्यांचा हात आहे हे त्याही आधी कळले होते. आंटोन डी बारी ह्यांनी १८८६ साली स्क्लेरोटिनिया ह्या कवकाने कुजविलेल्या भागाचा रस निरोगी भागावर घातला आणि कवक तेथे नसतानाही पेशी एकमेकींपासून सुटतात असे पाहिले. लंडनमध्ये विल्यम ब्राउन ह्यांनी १९१५ साली बॉट्रिटिस ह्या कवकाच्या अर्कावर तसेच प्रयोग केले. कवक न जाताच त्याचे काम होते, म्हणजे ते आपल्यापुढे काहीतरी पाठविते, हा निष्कर्ष अटळ होता.

आता गव्हाच्या पानातील पेशीची भिंत. मातीच्या भिंतीत काड्या आणि चिखल असतो तशी तिची रचना समजावी: सेल्युलोजचे बारीक, ताठ धागे आणि त्यांच्यामधून भरलेला मऊ लेप. वांगे, टोमॅटो, कापूस ह्यांसारख्या वनस्पतींत त्या लेपात पेक्टिन पुष्कळ असते. गवताच्या कुळात, म्हणजे गहू, ज्वारी, ऊस, मका ह्यांत, पेक्टिन थोडे आणि झायलान ह्या जातीची शर्करायुक्त द्रव्ये अधिक. म्हणून गव्हावरील कवकाच्या एन्झाइमांचा विचार करताना केवळ पेक्टिन फोडणाऱ्या पेक्टिनेजांवर थांबून चालत नाही; झायलान फोडणारे झायलानेज आणि सेल्युलोज फोडणारी सेल्युलेजे ह्यांना येथे अधिक काम असते. बीजाणू ओल्या पानावर पडला म्हणजे त्यातून अंकुरनलिका निघते. पान सुमारे दहा तास सतत ओले राहिले आणि तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले की ती त्वचा भेदून, क्वचित पर्णरंध्रातून, आत जाते. मग एन्झाइमांचे काम सुरू होते. कवकाची काही विषद्रव्येही त्याच वेळी पेशी मारीत असतात; ठिपक्याभोवतीची पिवळी किनार मुख्यतः त्यांचे लक्षण मानली जाते.

ह्यापुढील भाग विशेष लक्ष देण्यासारखा आहे. कवक ही एन्झाइमे सदैव सारख्या प्रमाणात तयार करीत नाही. अत्यल्प मात्रा ते नेहमी बाहेर सोडीत असते. भिंतीचा एखादा तुकडा तिने सुटला आणि कवकाच्या आत गेला, की त्या तुकड्यामुळेच मोठ्या प्रमाणावर निर्मितीला चालना मिळते. उलटपक्षी ग्लुकोजसारखी सोपी साखर हाताशी असली, तर ही निर्मिती दबून राहते. तयार भाकरी समोर असता कोणी दाणे दळीत बसत नाही. प्रयोगशाळेतील चंबूत हे सहज दिसते: केवळ पेक्टिनवर किंवा गव्हाच्या भुशावर वाढविलेल्या कवकाच्या द्रवात एन्झाइमे विपुल मिळतात, आणि त्याच द्रवात भरपूर ग्लुकोज घातले की त्यांचे प्रमाण घसरते.

आता मघाची किल्ली येथे लावून पाहावी. हॉर्सफॉल आणि डायमंड ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५७ साली पिकांच्या रोगांचे दोन वर्ग पाडले: पानात साखर अधिक असता बळावणारे आणि साखर कमी असता बळावणारे. तांबेरा पहिल्या वर्गातला. टोमॅटोवरील अल्टरनेरियाचा करपा दुसऱ्या वर्गातला. गव्हाचे खालचे पान जून होते, वरच्या पानांच्या सावलीत जाते, आणि त्यातील अन्न वर वाढणाऱ्या ओंबीकडे ओढले जाते. त्याची साखर उतरते. एन्झाइमांवरचा दाब उठण्याला ह्याहून अनुकूल स्थिती कोणती? कोवळे रोप ह्या रोगाला का दाद देत नाही आणि सात-आठ आठवड्यांनी खालच्याच पानापासून रोग का चढतो, ह्याचे सर्व उत्तर एवढ्यात आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जून पानाची संरक्षणशक्तीही उणावलेली असते. तरी उत्तराचा मोठा भाग येथे आहे, असे मानण्यास हरकत नाही. साखर कारखान्यांच्या ह्या मुलखात पानातली साखर इतकी मोलाची ठरावी, हा योगायोग गमतीचा.

चंबूत दिसलेले पानातही घडतेच असे मात्र गृहीत धरता येत नाही, आणि ह्या विषयावरील पुष्कळ प्रबंध ह्याच ठिकाणी लंगडे पडतात. कवक वाढविले, गाळले, गाळलेल्या द्रवाने पेक्टिनच्या किंवा सेल्युलोजच्या द्रावणाचा चिकटपणा किती उतरला ते मोजले, आणि 'म्हणून हे एन्झाइम रोगकारक' असा निर्णय दिला, की कोष्टक पूर्ण होते. पुरावा पूर्ण होत नाही. ज्याची ती एन्झाइमे काढून घेतली आहेत, अशा कवकाने रोग पाडला नाही, तर तो पुरावा. मक्यावरील कॉक्लिओबोलस कार्बोनम ह्या कवकाबाबत वॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. १९९० साली त्यांनी त्याचे पेक्टिन फोडणारे एक प्रमुख एन्झाइम बनविणारे जनुक निकामी केले. कवकाने मका पूर्वीप्रमाणेच पोखरला. मका हे गवत, त्यात पेक्टिन थोडे, आणि एक हत्यार गेले तरी इतर हत्यारे होती. परंतु २००० साली त्यांनी एकेक एन्झाइम सोडून त्या सर्वांवरचा साखरेचा दाब उठविणारे नियंत्रक जनुकच निकामी केले. तेव्हा भिंत फोडणारी अनेक एन्झाइमे एकदम उणावली आणि कवकाची रोग पाडण्याची शक्ती स्पष्टपणे खालावली. हत्यारांपेक्षा शस्त्रागाराची चावी महत्त्वाची ठरली. गहू आणि मका एकाच कुळातले असल्यामुळे ह्या प्रयोगाचे महत्त्व येथे विशेष आहे.

आता बीजाणू. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेब्स ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक सूत्र मांडले: कवकाची वाढ आणि त्याचे पुनरुत्पादन ह्या एकमेकींच्या आड येणाऱ्या अवस्था आहेत, अन्न भरपूर असेतो ते वाढते, अन्न आटू लागले की बीजाणू धरते. शंभराहून अधिक वर्षांत ह्या सूत्राला पुष्कळ पुरवण्या जोडाव्या लागल्या, पण ते मोडले नाही. ठिपक्याच्या मध्यभागी पान आधी मेलेले असते, तेथले अन्न आधी संपते, आणि काळी भुकटी प्रथम तेथेच येते. कडेला कवक अजून खात असते. एकाच ठिपक्यात, काही मिलिमीटरांच्या अंतरात, दोन्ही अवस्था एका वेळी नांदतात.

अन्नाच्या जोडीला प्रकाश आणि ओलही लागतात. अल्टरनेरिया वंशातील अनेक कवकांना दिवस आणि रात्र ही दोन्ही पाहिजेत. सूर्यप्रकाशातील, डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी बीजाणू धारण करणारे देठ उगवतात; त्या देठांवर बीजाणू मात्र अंधारातच धरतात, आणि उष्ण उजेडात ही दुसरी पायरी अडते. लीच ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत ह्याविषयी तपशीलवार प्रयोग केले. ह्या कवकाचा बीजाणू १५ ते ९० मायक्रॉन लांबीचा, आडव्या-उभ्या पडद्यांनी विभागलेला आणि एका टोकाला चोचीसारखा निमुळता असतो. रात्रीच्या दहिवरात तो धरतो, सकाळी पान वाळू लागले की सुटा होतो, आणि वाऱ्यावर जातो.

एन्झाइम आणि बीजाणू ह्यांचे मोजमाप एकत्र केले पाहिजे, ते ह्या सर्व कारणांमुळे. समजा, नीरेकाठच्या उसाच्या फडांमधील गव्हावरून एक नमुना आणि इंदापूरच्या भीमेकडील रानातून दुसरा नमुना घेतला. एक नमुना ताटलीत पांढराकरडा, फुगीर वाढला, त्याने बीजाणू थोडे दिले. दुसरा चपटा, काळसर वाढला आणि त्याने बीजाणूंची रास दिली. पहिला दुबळा आणि दुसरा उग्र असा निर्णय लगेच देण्याचा मोह होतो. परंतु बटाटा आणि द्राक्षशर्करा घातलेले नेहमीचे माध्यम हे कवकाला मेजवानी असते. त्यावर वाढ होते आणि बीजाणू रोडावतात. गव्हाच्या पानाच्या अर्कावर, थोड्या साखरेत, तेच दोन नमुने जागा बदलू शकतात. शिवाय प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर लावलेले कवक बीजाणू धरण्याची सवय हळूहळू गमावते, म्हणून ताज्या नमुन्याची जुन्याशी तुलना अन्यायाची होते. नमुने जतन करून ठेवण्याची सोय पुण्यात आहे: १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था हे नाव धारण करणाऱ्या संस्थेत कवकांचे राष्ट्रीय संग्रहालय आणि अजरेकर कवक-संग्रह आहे. त्याच संस्थेचे गव्हाच्या पैदाशीचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळ येथे आहे. अनेक बीजाणू देणारा नमुना आणि भिंत चटकन फोडणारा नमुना हे एकच असतील असे नाही. एक रोग तीव्र करतो, दुसरा तो पसरवितो. नवे वाण पारखताना दोहोंपैकी कोणता नमुना फवारला, ह्यावर त्या वाणाचे भवितव्य ठरू शकते. केवळ तीव्र नमुन्याला टिकलेला गहू शेतात पसरणाऱ्या नमुन्यापुढे टिकेलच असे नाही.

शेतातील परिणाम असा. खालची दोन-तीन पाने गेल्याने दाण्याचे फारसे बिघडत नाही. दाणा भरतो तो मुख्यतः ओंबीलगतच्या शेवटच्या पानाच्या आणि त्याखालच्या पानाच्या बळावर. परंतु खालची पाने ही बीजाणूंची वाफे ठरतात. दाणा चिकात असताना वरच्या पानावर रोग चढला, तर तो सुरकुततो, हलका पडतो. चढण्याला लागतात ओले तास. पाटाचे पाणी पानावर पडत नाही, पण दाट पिकातील हवा दमट करते. शेजपाळीने येणारे पाणी रात्री आले, तर त्या दमटपणात दहिवराची भर पडून पान सकाळी उशिरापर्यंत ओले राहते. पाळी केव्हा यावी हे शेतकऱ्याच्या हाती नसते, हेही खरे. तुषार सिंचन करणाऱ्याला मात्र वेळ निवडता येते; संध्याकाळी तुषार चालविणे म्हणजे दहा तासांची सोय आपण होऊन करून देणे. ऊस तुटल्यावर डिसेंबरात पेरलेल्या गव्हाची पाने फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात लवकर जून होतात, म्हणजे साखर उतरण्याची वेळ आणि दाणा भरण्याची वेळ एकत्र येते. नत्र आणि पालाश कमी पडलेले पीकही असेच अकाली जून होते. 'खताने करपला' ह्या तक्रारीपेक्षा 'खताविना करपला' ही वस्तुस्थिती अधिक वेळा संभवते.

कापणीनंतर मार्चपासून नोव्हेंबरपर्यंतचे आठ महिने हे कवक कोठे असते? शेतातील धसकटांवर ते मोजके महिने जगते. जमिनीत गाडले गेले तर त्याहून कमी. दख्खनचा उन्हाळा आणि मागाहून येणारा पावसाळा पार करण्याचे त्याचे भरवशाचे वाहन म्हणजे बी. ओंबीवर चढलेला रोग दाण्याच्या पृष्ठभागावर बीजाणूंच्या रूपाने आणि सालीखाली तंतूंच्या रूपाने राहतो, आणि घरचे बी म्हणून राखलेल्या कणगीतून पुढच्या वर्षी पुन्हा रानात जातो. सुरकुतलेले, काळपट टोकाचे दाणे चाळून बाजूला काढणे आणि उरलेल्या बियाण्याला पेरणीपूर्वी थायरमसारखे औषध चोळणे, ही दोन कामे पेरणीच्या आदल्या दिवशी होतात. तोपर्यंत पानही उगवलेले नसते आणि करपण्याजोगे काहीच दिसत नसते.